युक्रेन, रशिया, कझाकस्तान यांची धान्य निर्यातक्षमता कशी मोजायची? प्रबंधासाठी मदत हवी

गोदाकाठ

नमस्कार. मी परभणीला कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे सोव्हिएत संघ फुटल्यावर वेगळ्या झालेल्या देशांची धान्य पिकवण्याची आणि निर्यात करण्याची क्षमता. हा विषय का घेतला ते आधी सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

२०२२ च्या रब्बीत आमच्याकडे गहू बरा झाला होता. तिकडे युक्रेनात युद्ध सुरू झालं, ओडेसाकडची बंदरं बंद पडली आणि इकडे मोंढ्यात गव्हाला कधी नव्हे तो भाव आला. शेजाऱ्यांनी एप्रिलात विकून टाकला. बाबा म्हणाले, थांबू, अजून चढेल. १३ मेला आपल्या सरकारने गव्हाची निर्यात बंद केली आणि आठवड्यात भाव उतरला. आमचे अकरा क्विंटल घरातच होते. त्या रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "कुठलं ते ओडेसा, आणि आपल्या पोत्याचा भाव तिथं ठरतोय." ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही.

आता प्रश्न. मी सूत्र असं मांडलंय: पेरणीयोग्य जमीन गुणिले फ्रान्स-जर्मनीइतकं हेक्टरी उत्पादन, त्यातून देशातला वापर वजा. उरेल ती निर्यातक्षमता. युक्रेनची काळी माती, रशियाचं क्षेत्र, कझाकस्तानची गवताळ मैदानं धरली तर आकडा प्रचंड येतो. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आकडा फारच सरळ येतोय, कुठंतरी अडलं पाहिजे." कुठं अडतं ते मला पुस्तकांतून दिसत नाहीये. तिकडे राहिलेल्या, काम केलेल्या कुणी सांगावं. आणि एक मूलभूत शंका: १९८० च्या दशकात जगात सगळ्यात जास्त धान्य आयात करणाऱ्यांत असलेला देश पंचवीस-तीस वर्षांत निर्यातदार कसा झाला? शेती एवढी सुधारली?

---

डाळमिल

विषय चांगला आहे. फक्त गव्हावर थांबू नका, वाटाणा घ्या. मी लातूरला डाळीच्या धंद्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने पिवळ्या वाटाण्यावरचं आयातशुल्क काढलं, आणि कॅनडाबरोबर रशियाचा वाटाणाही जहाजं भरभरून यायला लागला. बेसनात हरभऱ्याऐवजी वाटाणा चालतो, काही ठिकाणी तुरीच्या जागीही खपतो. आपल्याकडे शेतकरी तुरीचा भाव बघत बसतो आणि तो भाव रशियातल्या रोस्तोव्ह-स्टाव्रोपोलच्या वाटाण्यापाशी अडतो. सूर्यफुलाचंही तेच. एके काळी आमच्या जिल्ह्यात सूर्यफूल किती होतं ते विचारा घरच्यांना. आता तेल काळ्या समुद्रावरून येतं. तुमचे बाबा बरोबर बोलले, पण फक्त गव्हाबद्दल नाही.

---

दर्यावर्दी

मी शेतीतला माणूस नाही. दापोलीजवळ घर आहे, आंब्याची पंधरा-वीस कलमं सोडली तर जमिनीशी संबंध नाही. पण २००४ ते २०२३ सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर होतो. धान्य, कोळसा, खत, जे मिळेल ते. काळ्या समुद्रातून गहू आणि मका किती वेळा भरला याची मोजदाद नाही. तुमच्या सूत्रात शेत आहे आणि ग्राहक आहे. मधली वाट नाही. ती मी बघितली आहे, म्हणून लिहितो.

बंदरापासून सुरू करतो. रशियाचं धान्याचं मुख्य बंदर नोव्होरोसिस्क. खोल पाणी, मोठी जहाजं लागतात, मागे क्रास्नोदार-रोस्तोव्ह-स्टाव्रोपोल हा त्यांचा सगळ्यात चांगला हिवाळी गव्हाचा पट्टा. शेत आणि समुद्र जवळ, हे त्यांचं भाग्य. पण थंडीत तिथे ईशान्येकडून 'बोरा' नावाचा वारा डोंगर ओलांडून खाली कोसळतो. कोसळतो हाच शब्द बरोबर आहे. कड्यावर ढगाची पांढरी झालर दिसली की बंदरातले लोक दोर सोडायच्या तयारीला लागतात. भरणी बंद, जहाजं धक्का सोडून बाहेर समुद्रात. मी एकदा धक्क्यावर लागून अर्धं भरलेलं जहाज घेऊन बाहेर जाऊन पाच दिवस नुसता वारा खात बसलो आहे. डेकवर पाणी उडायचं आणि जागच्या जागी बर्फ व्हायचं.

त्याच्या वर अझोवचा समुद्र. तिथे रोस्तोव्ह, अझोव, तागानरोग. पण पाणी इतकं उथळ की आमचं जहाज तिथे जाऊच शकत नाही. तीन-पाच हजार टनांची नदी-समुद्र दोन्हींवर चालणारी छोटी जहाजं धान्य घेऊन केर्चच्या सामुद्रधुनीपर्यंत येतात आणि उघड्या समुद्रात मोठ्या जहाजात माल ओततात. लाट असेल तर थांबा. हिवाळ्यात अझोव गोठतो, मग बर्फ फोडणारं जहाज पुढे आणि रांग मागे.

युक्रेनात मिकोलाइव्ह नदीच्या काठी आहे. जाणाऱ्या कालव्यातून साडेदहा मीटरच्या आत बुडणारंच जहाज जातं. त्यात पाणी जवळजवळ गोडं, आणि गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. म्हणजे मोठं जहाज तिथे पूर्ण भरता येत नाही, थोडं भरून निघायचं आणि उरलेलं बाहेर खोल पाण्यात घ्यायचं. पिव्देन्नीला असं करावं लागत नाही, ते खोल आहे. एकाच देशातली दोन बंदरं, तोच मका, आणि टनामागचा खर्च वेगळा. हा फरक तुमच्या सूत्रात कुठे बसतो ते बघा.

जहाजाच्या पोटाचं वेगळंच. मागच्या खेपेला कोळसा नेला असेल तर पाचही होल्ड (माल भरायचे कप्पे) धुवायचे, गंजाचे पापुद्रे खरवडायचे, वाळवायचे. मग तपासनीस विजेरी घेऊन उतरतो, लोखंडी फासळ्यांच्या मागे बोट फिरवतो. एक जिवंत किडा किंवा मागच्या धान्याचे चार दाणे सापडले तर 'नापास', आणि परत धुवा. भरताना आभाळ आलं की झाकणं बंद. भरून झाल्यावर अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. कणगीत किंवा गोदामात आपल्याकडेही त्याच ठेवतात. हे सगळं झालं तरच धान्य 'निर्यात' झालं.

आता सरकार. ऑगस्ट २०१० मध्ये आम्ही नोव्होरोसिस्कबाहेर नांगर टाकून होतो. होल्ड धुऊन तयार. रशियात भयंकर उन्हाळा, मॉस्कोभोवती आगी. ५ ऑगस्टला जाहीर झालं की १५ पासून निर्यात बंद. मधल्या दहा दिवसांत बंदराबाहेर जहाजांची जी गर्दी झाली ती मी विसरणार नाही. रात्री दिवे बघून वाटायचं गाव वसलंय. आमचा नंबर लागलाच नाही. करार गेला, आम्ही रुमानियात कॉन्स्तान्साला जाऊन तिथला गहू भरला. बंदी पुढच्या वर्षी १ जुलैला उठली. २००९ ला रशियाचं पीक ९.७ कोटी टन होतं, २०१० ला ६.१ कोटी. क्षमता त्याच मातीत होती. माती कुठे गेली नव्हती.

तेव्हा चांगल्या वर्षांची सरासरी काढून क्षमता लिहू नका. वाईट वर्षी कुणी दार लावलं आणि किती दिवस लावलं, ते आधी लिहा.

---

गोदाकाठ

काका, किती मोठी मदत केलीत. (मला अरेतुरे करा, तुमच्या मुलीच्या वयाची असेन.) गोड्या पाण्याचा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता. बाबांना वाचून दाखवला तर ते म्हणाले, आपल्याकडे मोंढ्यापर्यंतचा रस्ता मोजत नाहीत, ते समुद्राचं काय मोजणार.

कझाकस्तानबद्दल कुणी सांगेल का? त्यांना तर समुद्रच नाही. आणि आकडे कुठले घ्यायचे, कारण सोव्हिएत काळातले आणि आजचे जुळत नाहीत.

---

हालेहून

मी जर्मनीत हाले शहरात असते. इथे १९९४ पासून एक संस्था आहे, आयामो. समाजवादी व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या देशांच्या शेतीवरच तिचं संशोधन चालतं, त्यामुळे गावात या विषयावर बोलणारे भेटतात. मी स्वतः मातीवर काम करते आणि त्यासाठी उत्तर कझाकस्तानात दोन उन्हाळे राहिले आहे.

आधी तुझी मूलभूत शंका. शेती एवढी सुधारली का? सुरुवातीला अजिबात नाही. १९९० नंतर उत्पादन वाढलं नव्हतं, कोसळलं होतं. रशियात १९९२ ला १०.७ कोटी टन धान्य झालं आणि १९९८ ला ४.८ कोटीच्या आसपास. कोसळलं त्याहून वेगाने काय, तर गुरं. सोव्हिएत सरकार लोकांना स्वस्तात मांस-दूध द्यायचं आणि त्या जनावरांना खाऊ घालायला अमेरिका-कॅनडाकडून धान्य आणायचं. १९८४-८५ मध्ये ती आयात साडेपाच कोटी टनांच्या घरात गेली होती. अनुदान गेलं तसे गोठे रिकामे झाले. रशियातली गाई-गुरं १९९० च्या पावणेसहा कोटींवरून दशकभरात निम्म्यावर आली. खाणारं तोंड गेलं, म्हणून धान्य उरायला लागलं. बियाणं, खतं, नवी यंत्रं, मोठ्या कंपन्यांची शेती हे सगळं २००० नंतर आलं, आणि तेव्हा २०१७ ला रशियाने १३.५ कोटी टनांचा आकडा गाठून १९७८ चा सोव्हिएत काळातला स्वतःचा विक्रम मोडला.

म्हणून तुझ्या सूत्रातलं 'देशातला वापर वजा' हे सगळ्यात धोक्याचं पद आहे. ते स्थिर धरू नकोस. रशियाने नंतर कोंबडी आणि डुकरं पुन्हा वाढवली, आणि तो चारा निर्यातीतूनच कापला जातो.

आकड्यांबद्दल. सोव्हिएत काळात 'बंकर वजन' मोजायचे, म्हणजे कापणीयंत्राच्या टाकीतून निघालेलं ओलं, कचऱ्यासकट. आता वाळवून, साफ करून उरलेलं वजन देतात, पण हंगाम चालू असताना बातम्यांत येतो तो आकडा बहुतेक वेळा बंकरचाच असतो. प्रत्येक तक्त्याखालची बारीक ओळ वाच. एक गोष्ट मात्र तुझ्या सोयीची: त्यांच्या तक्त्यांत 'त्सेंटनर प्रति हेक्टर' दिसेल. त्सेंटनर म्हणजे १०० किलो, आपला क्विंटलच. मी तिथल्या शेतकऱ्यांशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू शकले ते या एका शब्दामुळे. त्यांनी "बारा" म्हटलं की मला लगेच कळायचं बारा म्हणजे किती.

आणि बारा हेच कझाकस्तानचं उत्तर आहे. उत्तरेकडे हेक्टरी दहा-बारा क्विंटल वसंत गहू, म्हणजे वसंतात पेरतात तो. पाऊस वर्षाला ३००-३५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि त्यातला काही भाग बर्फ. १९५४ ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने ही गवताळ जमीन नांगरायला घेतली. हजारो तरुण ट्रॅक्टर घेऊन आले, पहिली काही वर्षं कोठारं भरली, मग साठच्या दशकात उघडी माती वाऱ्याने उडायला लागली. तिथल्या शोर्तान्दी गावी कृषिशास्त्रज्ञ बारायेव यांच्या संस्थेने तेव्हा उलटी शेती शिकवली: जमीन पालथी करायची नाही, धसकटं उभी ठेवायची, म्हणजे ती हिवाळ्यात बर्फ धरून ठेवतात. आजही तिथले शेतकरी शेतात बर्फाचे बांध घालतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला धसकटांतून चालवत नेलं आणि खाली बसून मातीत बोट खुपसून ओल दाखवली, अगदी आमचे आजोबा मृगाआधी दाखवायचे तशी. त्या माणसाला फ्रान्सचं हेक्टरी उत्पादन सांगायला माझी जीभ रेटली नसती. ओल नसेल तर खत घालून काय होणार? तेव्हा सूत्रातलं 'फ्रान्स-जर्मनीइतकं' काढून टाक. क्रास्नोदारला ६० क्विंटल मिळतो, तिथे तुलना चालेल. उत्तर कझाकस्तानातल्या कोस्तानायला नाही. तिथली तुलना करायची तर कॅनडाच्या सस्काचेवानशी कर.

ओसाड पडलेल्या जमिनीचंही तसंच. १९९१ नंतर कोट्यवधी हेक्टर पेरणी थांबली, आणि २००८ च्या महागाईत सगळे म्हणू लागले की ही जमीन परत आणली की जगाची भूक भागेल. मी अशा जागी गेले आहे. मनगटाएवढे बर्च वाढलेत, जवळचं गाव रिकामं, रेल्वे लांब. यातली चांगली जमीन आधीच परत लागवडीखाली आली. उरलेली बरीचशी मुळात नांगरायलाच नको होती.

समुद्राचं म्हणशील तर कझाकस्तानचे खरे ग्राहक उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान. गहू आणि पीठ रेल्वेने दक्षिणेला जातं. काळ्या समुद्रापर्यंत दोन हजार किलोमीटरच्या वर, तेही रशियातून. चीनकडे रुळांची रुंदी बदलते, १५२० वरून १४३५ मिलिमीटर. मिरजेला पूर्वी मीटरगेज-ब्रॉडगेजचा माल उतरवून चढवायचे तसं सीमेवर करावं लागतं. आणि २०२३ ला कापणीच्या दिवसांतच पाऊस-बर्फ आला, उभ्या पिकात दाण्याला कोंब फुटले. टन मोजले तर पीक होतं, पण त्याची भाकरी होत नव्हती. ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) गेलं की तो गहू जनावरांचा. प्रबंधात टनांबरोबर प्रतीचा एक रकाना ठेव.

---

दर्यावर्दी

हालेहूनच्या ताईंनी फार चांगलं सांगितलं. पोरी, तू २०२२ चा उल्लेख केलास म्हणून तेवढं लिहितो.

जुलै २०२२ ला युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढायचा करार इस्तंबूलला झाला, १ ऑगस्टला पहिलं जहाज ओडेसाहून मका घेऊन निघालं. मी त्या शरद ऋतूत ओडेसाजवळच्या चोर्नोमोर्स्कला गेलो. कंपनीने प्रत्येकाला विचारलं होतं, नको असेल तर उतरा. आमच्यातले दोघे उतरले, त्यांना कुणी काही बोललं नाही. इस्तंबूलजवळ तपासणी: तुर्कस्तान, रशिया, युक्रेन आणि संयुक्त राष्ट्रं, चौघांची माणसं एकत्र बोटीने यायची, होल्ड आणि केबिन उघडून बघायची. जाताना एकदा, भरून येताना एकदा. आम्ही मार्माराच्या समुद्रात एकोणीस दिवस थांबलो. पूर्वी जी खेप तीन आठवड्यांत व्हायची ती दोन महिन्यांवर गेली. भरताना भोंगा वाजला की भरणारे कामगार खाली आसऱ्याला, पट्टा बंद. भोंगा थांबला की तीच माणसं परत वर. त्यांच्यातला एक जण रोज माझ्याकडे चहा मागायचा, साखर जास्त. त्याचं घर मिकोलाइव्हला होतं.

करार १७ जुलै २०२३ ला संपला तोवर जवळजवळ ३.३ कोटी टन माल त्या वाटेने बाहेर पडला. मग डॅन्यूब नदीवरची इझमाईल, रेनी ही छोटी बंदरं, आणि नंतर युक्रेनने किनाऱ्याकिनाऱ्याने स्वतःची वाट काढली. धान्य शेवटी बाहेर पडलंच. पण विमा, थांबण्याचे दिवस, लांबची वाट या सगळ्याचे पैसे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून गेले. जहाजाचं भाडं वाढलं की माल घेणाऱ्याच्या बंदरातला भाव तोच राहतो आणि शेतातला उतरतो.

---

गोदाकाठ

दोन दिवस हे सगळं वहीत उतरवत होते. सूत्र मोडलं. आता देश न धरता तीन पट्टे धरते आहे: क्रास्नोदार, मिकोलाइव्ह-ओडेसा आणि कोस्तानाय. प्रत्येकासाठी ओल, बंदरापर्यंतचा खर्च आणि सरकारने दार लावलेली वर्षं. सरांना दाखवलं, ते म्हणाले आता हा तुझा विषय झाला.

बाबांचा एक प्रश्न आहे, त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलाय. तिथला शेतकरी धान्य घरी ठेवतो की लगेच विकतो? त्याला थांबता येतं का?

---

हालेहून

बाबांना नमस्कार सांग. पूर्वी घरी ठेवायचाच नाही. धान्य 'एलिव्हेटर'मध्ये जायचं, म्हणजे रेल्वेकाठची सोव्हिएत काळातली उंच काँक्रीटची कोठारं. तिथे वाळवतात, साफ करतात, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या नावावर लागतात. ज्याच्याकडे स्वतःची कोठी नाही त्याला थांबणं महाग पडतं. मोठ्या कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत स्वतःच्या कोठ्या बांधल्या, त्यांना थांबता येतं.

पण थांबूनही भाव मिळेलच असं नाही. जून २०२१ पासून रशियाने गव्हावर बदलतं निर्यातशुल्क लावलं. सुरुवातीचं गणित असं होतं की टनाला २०० डॉलरच्या वर जेवढा भाव असेल त्यातला ७० टक्के हिस्सा सरकारचा. जगात भाव चढला तरी शेतकऱ्याच्या हातात त्यातलं थोडंच येतं. २०२३ ला आपल्याकडे कांद्यावर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा लासलगावला जे झालं, ते बाबांना आठवत असेल.

आणि युक्रेनात २०२२ ला विकायचं म्हटलं तरी विकता येत नव्हतं. कोठारं जुन्या मालाने भरलेली, काही बॉम्बने पडलेली, आणि नवं पीक कापणीला आलेलं. तेव्हा लोकांनी शेतातच जाड प्लॅस्टिकच्या लांबलचक पिशव्या अंथरल्या. साठ मीटर लांब, एकीत दोनशे टन धान्य. त्याला ते 'रुकाव' म्हणतात, म्हणजे बाही. हवा बंद केली की किडा मरतो आणि धान्य महिनोन् महिने टिकतं, फक्त उंदराने किंवा कोल्ह्याने भोक पाडलं नाही ना हे बघत राहायचं. तिथल्या एका शेतकरीण बाईने मला फोटो पाठवला होता. हिवाळा होता, शेतावर बर्फ, आणि त्यावर आडव्या पडलेल्या सहा पांढऱ्या बाह्या. ती रोज टॉर्च घेऊन त्यांच्याभोवती एक फेरी मारायची. मार्चपर्यंत तिने त्यातल्या चार विकल्या होत्या.